पाचवा रकाना: घटना कशी घडली?

मोबाईलच्या दुकानात तुटलेले मोबाईल जेवढे जमा होतात, त्याच्या दुप्पट किस्से जमा होतात. मोबाईल आज ना उद्या दुरुस्त होऊन मालकाकडे जातो. किस्सा न्यायला मात्र कुणीच परत येत नाही! तो माझ्या टेबलापाशीच पडून राहतो. अशी सहा वर्षांची साठवण झाली आहे.

वाशीमला बसस्टँडजवळ आमच्या भाऊंचं मोबाईलचं दुकान आहे. भाऊ मालक, मी क्लेमच्या टेबलावर. नवा मोबाईल घेताना सोबत वर्षभराचा प्लॅन घ्यायचा, मग मोबाईल पडला, फुटला, भिजला तर कंपनी दुरुस्त करून देते. प्लॅन विकणारी मी आणि फॉर्म भरून घेणारीही मीच. लग्न जुळवणाऱ्यालाच पुढे भांडण सोडवायला बसवावं, तसं हे काम आहे.

फॉर्म तसा सोपा आहे. नाव, गाव, बिल नंबर, इथपर्यंत लोक भराभर सांगतात. पाचवा रकाना आला की गाडी अडते. पाचवा रकाना म्हणजे ‘घटना कशी घडली?’ नुकसान अपघातानंच झालेलं पाहिजे, मुद्दाम केलेलं चालत नाही, आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवलेलं पाहिजे. मग दुकानातल्या टॅबवर कंपनीचे एक साहेब व्हिडिओ कॉल करतात, मोबाईल बघतात, ग्राहकाला चार प्रश्न विचारतात आणि पास की नापास ते ठरवतात. साहेब दिल्लीकडे कुठेतरी बसतात आणि हिंदीत बोलतात. सुरुवातीला त्यांना वाशीम कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आता आमच्या लोकांनी त्यांना बरंच काही शिकवलंय!

*

मंगरूळपीरचे एक काका आले होते. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा आणि रुमालात बांधलेला मोबाईल. रुमाल सोडला तर स्क्रीनचा पार भुगा.

मी पेन उघडलं. “काका, घटना कशी घडली? हातातून सुटला का?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोर म्हटलं होतं.

“सुटला? सुटला कायले? मी आपटला! भितीवर आपटला, हा असा!”

“काहून?”

“पोरगं फोनवर उलटं बोललं मले. मंग आपटला.”

मी त्यांना नीट समजावलं. मुद्दाम आपटला असं लिहिलं तर एक रुपया मिळणार नाही, आणि खोटं तर मी लिहिणार नाही. तेव्हा क्लेम करायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. काकांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाले, “ल्याहा. आपटला असंच ल्याहा.”

“काका, नापास होईल.”

“होऊ द्या ना. चाळीस वर्षं वखर धरला या हातानं. हातातून सुटला असं कागदावर लेहून दिलं तर गावात तोंड कसं दाखवू?”

क्लेम अर्थातच नापास झाला. नापासाचा कागद काकांनी घडी करून, मोठ्या समाधानानं खिशात ठेवला!

*

दुसऱ्या एक बाई होत्या, चांगल्या बागायतदार घरच्या. त्यांचा मोबाईल म्हशीच्या गोठ्यात पडला आणि म्हशीनं त्यावर पाय दिला. स्क्रीनला चीर गेली होती, बाकी सगळं ठीक. असा क्लेम डोळे मिटून पास होतो. पण मोबाईल सुरूच होईना. साहेबांनी टॅबवरून विचारलं, “अंदर पानी कैसे गया?”

बाई म्हणाल्या, “धुतला ना साहेब.”

“किसने धोया?”

“मीच धुतला. शेणात पडेल व्हता. तुमच्या हाती तसाच देऊ का? मले शरम वाटत नाही काय? तीन पाण्यानं धुतला, साबणानं. मंग उन्हात वाळू घातला.”

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मी बाईंकडे पाहत होते, बाई साहेबांकडे. त्या गप्प बसण्याचा अर्थ बाईंनी असा लावला की साहेबांना अजून खात्री पटलेली नाही. म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि म्हणाल्या, “चार्जर बी धुवून आणलं!”

*

आता अन्नपूर्णाबाई. त्यांचं सांगायला लागलं की मला जरा जपूनच सांगावं लागतं, कारण त्यांना प्लॅन मीच विकला होता.

अन्नपूर्णाबाई धनजजवळच्या एका वस्तीवर राहतात. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळ्यात परत. नवरा वारला आहे. एकच मुलगी, रेणुका, अकरा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून ती अकोल्याच्या निवासी शाळेत असते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बरोबर बारा वाजता तिथल्या बाई मुलांना घरी व्हिडिओ कॉल लावून देतात. मायलेकी हातांनी बोलतात. एवढ्यासाठीच अन्नपूर्णाबाईंनी मोठ्या स्क्रीनचा मोबाईल घेतला होता. दुकानात आल्या तेव्हा कॅमेरा किती, मेमरी किती, काही विचारलं नाही. “पोरीचे दोन्ही हात संग दिसले पाह्यजे,” एवढंच म्हणाल्या.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी त्या दोन बस बदलून आल्या. मोबाईलचा डिस्प्ले गेला होता. रिंग वाजत होती, पण पडदा काळाठिक्कर.

“घटना कशी घडली?”

त्या दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन सोंगायला गेल्या होत्या. मोबाईल भाकरीच्या फडक्यात बांधून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवला होता. बैलाचा पाय पडला. माती मऊ होती, म्हणून मोबाईलचा चेंदामेंदा झाला नाही, एवढंच.

“कधी?”

“सोमवारी.”

माझं पेन थांबलं. सोमवार ते शुक्रवार. “मग एवढे दिवस काय करत होतात?”

“पंचनाम्याची वाट पाहून राह्यली व्हती.”

मला आधी वाटलं, त्या थट्टा करताहेत. पण त्यांनी सगळं रीतसर सांगितलं. विमा म्हणजे पंचनामा, हे त्यांनी दरवर्षी पाहिलेलं. गेल्या साली शेतमालकाची सोयाबीनची गंजी भिजली होती तर ती कुणाला हलवू दिली नव्हती. साहेब येतील, फोटो काढतील, तोवर हात लावायचा नाही. बहात्तर तासांच्या आत कळवायचं. म्हणून त्यांनी मोबाईल जिथं पडला तिथंच ठेवला. भोवती चार गोटे मांडले, वरून टोपलं पालथं घातलं आणि कोतवालाला निरोप दिला की पंचनामा करा. तीन दिवस रोज सकाळी जाऊन टोपलं उचलून पाहायच्या आणि परत झाकायच्या.

“रिंग वाजे त आतून आवाज ये,” त्या म्हणाल्या. “पण हात नाही लावला, ताई. अज्याबात नाही!”

सोबत त्यांनी शेतमालकाचा सात-बाराही आणला होता.

मला हसू आलं नाही. अठ्ठेचाळीस तासांची अट प्लॅनच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. विकताना मी फक्त पुढची बाजू वाचून दाखवली होती. काही झालं की या, काळजी करू नका, असं म्हणाले होते. कधीपर्यंत या, ते सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, “तोवर कार्ड एखाद्या साध्या फोनमध्ये टाका.”

त्या म्हणाल्या, “साध्या फोनात काय करू, ताई? तिले ऐकू येत नाही ना.” टोळीची गाडी सोळा दिवसांनी, रविवारी निघणार होती. त्याच्या आत मोबाईल झाला नाही तर सहा महिने मुलगी दिसणार नव्हती.

मी सगळं जसंच्या तसं लिहून क्लेम पाठवला. बुधवारी उत्तर आलं. नापास. कारण, उशिरा कळवले. आणि खाली आणखी एक ओळ होती: फोनवर कॉल येतात, बोलणे होऊ शकते.

मी फेरतपासणीचा अर्ज केला. साहेबांनी शनिवारची वेळ दिली.

*

त्या आठवड्यात मी फारच चिडचिडी झाले होते. ग्राहक टेबलाशी आला की बसायच्या आधी मी त्याला सांगायचे, “अठ्ठेचाळीस तास! काही झालं तरी अठ्ठेचाळीस तासांत यायचं!” नवीन मोबाईलचे पेढे हातात घेऊन उभी असलेली माणसं दचकायची. एकदा भाऊच म्हणाले, “ताई, तुमी प्लॅन इकून राह्यल्या का भेव दाखवून राह्यल्या?”

भाऊंचंही सांगून टाकते. भाऊ रोज दहा जणांना पटवून देतात की प्लॅन न घेता मोबाईल वापरणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी चालवणं. त्याच आठवड्यात त्यांचा स्वतःचा नवाकोरा मोबाईल चहावाल्याच्या कप विसळायच्या बादलीत पडला. बाहेर काढला तेव्हा मागच्या कॅमेऱ्यात चहाची पत्ती दिसत होती. भाऊ निवांत होते. माझ्या टेबलावर मोबाईल ठेवून म्हणाले, “अठ्ठेचाळीस मिनटं बी नाही झाले, ताई. भरा फॉर्म!”

“कशाचा फॉर्म, भाऊ? मी विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणाले होते, घरच्या मोबाईलले कायले प्लॅन?”

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात चार ग्राहक होते. भाऊंनी मोबाईल उचलून खिशात घातला आणि मोठ्यानं म्हणाले, “बरं बरं, फॉर्म नंतर भरू!”

*

एका ऑटोवाल्याचा किस्सा मात्र मला अजून नीट कळलेला नाही. दसऱ्याला त्यानं ऑटोची पूजा केली. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा, हा आपला रिवाज. आता सवाऱ्या फोनवर येतात, म्हणून त्यानं मोबाईलही पाटावर मांडला. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मग नारळ फोडला. मोबाईल बंद.

साहेबांनी विचारलं, “नारियल मोबाईल के ऊपर क्यूँ फोड़ा?”

“मोबाईलवर नाही फोडला, साहेब. मोबाईलसमोर फोडला. पाणी त्याच्या मनानं गेलं!”

साहेबांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. हळदकुंकू लावणं मुद्दाम होतं. नारळ फोडणं मुद्दाम होतं. पण पाण्यानं उजवीकडे जायचं की डावीकडे, हे कुणी ठरवलं नव्हतं. क्लेम पास झाला.

मोबाईल दुरुस्त होऊन आला तेव्हा ऑटोवाला कागदाच्या पुडीत वाळलेलं खोबरं घेऊन आला. “घ्या, ताई. तोच नारळ हाय!”

*

फोटोंचा प्रकार तर विचारूच नका. फॉर्मसोबत तुटलेल्या मोबाईलचा फोटो जोडा, असं आम्ही सांगतो. एक गृहस्थ गेले, ते संध्याकाळी पाकीट घेऊन परत आले. सरकारी कामं करून करून हात बसलेला माणूस. पाकिटात मोबाईलचे पासपोर्ट साइझ फोटो. पांढरी बॅकग्राउंड, समोरून, सरळ! आठ कॉप्या!

“आठ कायले आणल्या?”

“दोन तुमाले, दोन कंपनीले. बाकीच्या राहू द्या, पुढं लागतात.”

मी एक कॉपी फॉर्मवर चिकटवली. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर अशी आडवी सही ठोकली. साहेबांना मी टॅबवर तो कागद दाखवला. साहेबांना हसताना मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं.

*

तर, शनिवार. साहेबांनी पावणेबाराची वेळ दिली होती. अन्नपूर्णाबाई दहापासून येऊन बाकावर बसल्या होत्या. भाऊंनी त्यांच्यासाठी चहा मागवला, तो त्यांनी तसाच निवू दिला.

टॅबवर साहेब आले. मी टॅब अन्नपूर्णाबाईंसमोर धरला. साहेबांच्या समोर कागद होते.

“चार दिन बाद क्यूँ बताया?”

अन्नपूर्णाबाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. धुरा, बैल, चार गोटे, टोपलं, कोतवाल. मी हिंदीत सांगत गेले. साहेबांना कोतवाल शब्द कळला, टोपलं कळलं नाही. मी हातानं दाखवलं. साहेब म्हणाले, “वो सब ठीक है, मैडम. लेकिन अड़तालीस घंटे का नियम है. और फोन तो बज रहा है. बात हो सकती है न? फिर दिक्कत क्या है?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजायला लागला.

बारा वाजले होते.

“थांबा, साहेब,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “पोरीचा हाय.”

त्यांनी काळ्या पडद्यावर खाली बोट ठेवलं आणि सवयीनं वर सरकवलं. रिंग थांबली. पडदा काळाच. पण मोबाईलचा कॅमेरा शाबूत होता, आणि पलीकडे अकोल्याला आई दिसते, हे त्यांना शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी मोबाईल माझ्या स्टेपलरला टेकवून उभा केला, दोन पावलं मागं सरकल्या, पदर खोचला आणि बोलायला लागल्या.

बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवली का? कानामागून खांद्यापर्यंत हात फिरवला. वेणी घातली का? कपाळाला उलटा हात लावून पाहिला. ताप गेला का? मग लांब कुठेतरी बोट दाखवलं, कोयता चालवल्यासारखं मनगट हलवलं आणि एकेक करून सहा बोटं उघडली. मग ती सहाही बोटं मिटून दोन्ही मुठी छातीवर ठेवल्या. प्रत्येक खुणेनंतर त्या जरा थांबायच्या, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तशा, आणि काळ्या काचेकडे बघून मान हलवायच्या. हो. हो.

मोबाईलमधून आवाज येत होता तो ताटावाट्यांचा आणि बाक सरकवल्याचा. भाऊ कुलूप लागल्यासारखे उभे होते. साहेबांना दिसावं म्हणून मी टॅब अन्नपूर्णाबाईंकडे वळवून धरला.

पाच मिनिटांनी कॉल तुटला. अन्नपूर्णाबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि परत बाकावर बसल्या. “बोला, साहेब.”

साहेबांनी विचारलं, “बच्ची... बच्ची क्या बोली?”

मी अन्नपूर्णाबाईंना विचारलं, “साहेब विचारतात, रेणुका काय म्हणाली?”

“मले काय दिसते, ताई?” त्या म्हणाल्या. “माहं मी सांगतलं. तिनं काय म्हटलं, ते तिलेच मालूम.”

साहेबांनी कागद उलटेपालटे केले. मग म्हणाले, “मैडम, पंचनामे वाली बात दुबारा लिखिए. पूरी लिखिए. चार पत्थर, वो टोकरी, सब.” पाचवा रकाना पुरला नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूलाही लिहिलं आणि फोटो काढून पाठवला. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मेसेज आला. पास.

स्क्रीन यायला शुक्रवार उजाडला. रविवारी गाडी निघणार होती. शनिवारी अन्नपूर्णाबाई पुन्हा दोन बस बदलून आल्या. मी मोबाईल हातात दिला, तो त्यांनी पदरानं पुसला आणि बाराची वाट पाहत बसल्या. भाऊ उगाचच काउंटर आवरत होते, आवरलेलाच काउंटर पुन्हा पुन्हा.

बारा वाजता रिंग वाजली. या खेपेला पडद्यावर रेणुका दिसली. दोन वेण्या, निळा फ्रॉक. तिनं आईला पाहिलं आणि आईनं तिला पाहिलंय हे तिला लगेच कळलं, कारण ती हसली नाही, काही नाही, दोन्ही हातांनी जोरजोरात भांडायलाच लागली! हात इतके भराभर चालले होते की मला फक्त बोटंच दिसत होती. शेवटी तिनं स्वतःच्या कानावर बोट ठेवलं, मग तेच बोट आईकडे रोखलं, आणि कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

अन्नपूर्णाबाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसणं थांबत नव्हतं.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“म्हणते, त्या दिवशी मी इचारत व्हती एक अन् तू सांगत व्हती दुसरंच. म्हणते, बहिरी कोण हाय, मी का तू?”